तो आधार आणि ते आधार

शब्दकोशात 'आधार' पुल्लिंगी आहे. घरातला कर्ता माणूस गेला की 'आधार गेला' म्हणतात. पण बँकेच्या रांगेत कान देऊन ऐका : 'आधार लिंक केलं का?', 'माझं आधार घरीच राहिलं.' इथे तो 'ते' झाला आहे. व्याकरणाच्या अंगाने उत्तर सोपं आहे : 'कार्ड' नपुंसकलिंगी, बोलताना ते गळालं आणि लिंग मागे उरलं. कुणी ठरवून केलेलं नाही. तरीही मला वाटतं, सरकारने एकत्र बांधलेल्या दोन गोष्टी भाषेने परस्पर वेगळ्या करून टाकल्या.

शब्द जुना. 'धृ' म्हणजे धरणे. धरणी, धर्म त्याच कुळातले. शाळेत सप्तमीचा अर्थ 'अधिकरण' असं घोकून घेतात, ते अधिकरण म्हणजे पाणिनीच्या लेखी क्रियेचा आधार. परंपरेने त्याचे प्रकारही केले. चटईवर बसलेल्याला चटईचा आधार असतो आणि तिळातल्या तेलाला तिळाचा. पण चटईचा एक भागच अंगाला लागतो, तेल तिळात सगळीकडे असतं. मला हा फरक फार आवडतो. माणसांचेही असे दोन प्रकार असतात.

शेजारचे शब्दही पाहा. टेकू तात्पुरता, कललेल्या भिंतीला, घडाने वाकलेल्या केळीला. पाठिंबा जाहीर करतात, बाहेरून देतात, पत्रकार परिषद घेऊन काढूनही घेतात. आधाराची पत्रकार परिषद होत नाही. (आमच्या क्षेत्रात 'सपोर्टला टाकलं' म्हणजे रात्री-अपरात्री दुसऱ्याच्या कोडची धुणी धुवायला बसवलं. तो शब्द इथे नको.)

आणि निराधार. आरोप निराधार असतो तेव्हा त्याला पुरावा नसतो. बाई निराधार असते तेव्हा तिला कुणी नसतं. संजय गांधी निराधार अनुदान योजना या दुसऱ्या अर्थाची. पण तिचे पैसे खात्यात यायचे तर खातं आधारशी जोडलेलं हवं. निराधार आहे हे मान्य व्हायलाही आधार लागतं.

पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. बारा आकडे. शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, व्हेरहॉफ या डच गणितज्ञाच्या पद्धतीने. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर लगेच कळतं. इंजिनिअर म्हणून मला याचं कौतुक आहे. हातून होणाऱ्या चुका ओळखून त्यांची आधीच सोय केलेली आहे.

हातांची मात्र तशी सोय झाली नाही. माझ्या आईची मावशी बीडकडची, आयुष्यभर ऊसतोड केलेली. तिच्या अंगठ्यावर रेषा म्हणून फारसं काही उरलेलं नाही. गावातल्या मशीनवर बोट ठेवलं की सर्व्हरकडून एवढंच कळायचं असतं : जुळलं की नाही जुळलं. तिचं बहुधा नाही येतं. डोळ्यांवरून, चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, हे मी तिला फोनवर सांगितलं. पण तिच्या गावात जे मशीन आहे त्यावर अंगठाच चालतो.

'आजी, अंगठा उठंना. पुसून ठेवा जरा,' मशीनवाला पोरगा म्हणतो. ती पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते. मागच्या खेपेला मी सोबत होतो. चौथ्यांदा उठला. पैसे मोजून कनवटीला लावत ती मला म्हणाली, 'लागलं बाबा एकदाचं आधार.' मग उठताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही उन्हातून शेळ्यांसाठी पेंड आणायला गेलो.