नळीवरची चिठ्ठी

दरवर्षीं प्रयोगशाळेंत मी एक लटकी चोरी रचतों. चार संशयित, चार नळ्या, आणि ॲगरोझच्या वडींत विजेच्या ओढीनें धनाग्राकडे सरकणारे डी.एन.ए.चे तुकडे, लहान पुढें, मोठे मागें. यंदा चोर सांपडला तेव्हां वर्गानें टाळ्या पिटल्या. मागाहून वही चाळतां ध्यानांत आलें कीं, दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. आणि त्या मींच लावल्या होत्या!

दुसऱ्या दिवशीं वर्गांत तें कबूल केलें. एक-दोघे हंसले. मग मीं इंग्लंडांतील लेस्टरची हकीकत काढली. ही ओळख पटविण्याची युक्ति ॲलेक जेफ्रीज यांना तेथें १९८४ सालीं गवसली. पुढें १९८६ सालीं जवळच्याच एका खेड्यांतील मुलीच्या खुनाची कबुली सतरा वर्षांच्या एका पोरानें दिली होती. जेफ्रीज यांच्या परीक्षेनें तो निर्दोष ठरला. खऱ्या अपराध्यास १९८८ सालीं जन्मठेप झाली.

“त्या पोराच्या नळीवरची चिठ्ठी चुकली असती तर, सर?” मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें.

मजजवळ उत्तर नव्हतें. आम्हीं नव्या नळ्या काढल्या. ह्या खेपेस चिठ्ठ्या तिनें लिहिल्या, आणि मीं त्या एकेक मोठ्यानें वाचून दाखविल्या.