बापूरावांचा चेहरा

कसाऱ्याहून इगतपुरीकडे येताना घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. गाडीला जादा इंजिनं लागतात, आम्ही त्यांना बँकर म्हणतो. मालगाडीवर गार्ड म्हणून नोकरी केलेले आमचे शेजारी गार्डकाका गायक द. वि. पलुस्करांची कॅसेट लावायचे आणि तार षड्ज जवळ आला की हात वर करायचे. "ऐक पोरी, केवढा चढ चढलाय, आणि बँकर नाही!" गाणं ऐकायला मी त्यांच्या ओटीवर शिकले. क्लासची फी आमच्या घराला झेपणारी नव्हती. काकांनी त्याचा विषयही कधी काढला नाही.

पलुस्कर, म्हणजे बापूराव, जन्माने नाशिकचे, १९२१ चे. दहा वर्षांचे असताना वडील पंडित विष्णु दिगंबर गेले. पुढची तालीम वडिलांच्याच शिष्यांकडे, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे झाली. १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटात उस्ताद अमीर खाँसाहेबांसोबत गायले, आणि १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. जुन्या तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत राग पुरता उभा करायचे, कुठे घाई नाही. मला आजही त्याचं नवल वाटतं.

काका गेल्यावर बापूरावांचं चित्र करायला घेतलं. रंग विकत मिळाले असते. पण हा आवाज ज्या घरातून माझ्यापर्यंत आला, तिथलंच सामान मला हवं होतं. काकूंनी माळ्यावरची खोकी काढून दिली. चहाच्या पुड्यांची वेष्टनं, साबणाचे कागद आणि काकांच्या शेवटच्या आजारपणातल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं त्यांनी का कोण जाणे जपून ठेवली होती. त्या पाकिटांच्या चांदीतून मी तानपुऱ्याच्या चारही तारा कापल्या.

चेहरा सगळा खोक्याच्या पुठ्ठ्याचा. वरचा कागद तसाच ठेवला की कपाळाचा उजेड मिळतो. तो सोलला की आतली पन्हळ उघडी पडते आणि तिच्या खाचांत सावली बसते. पन्हळ उभी लावली तर गाल ओढलेला दिसतो, आडवी लावली तर भरतो. हे सगळं हातानेच शिकवलं. श्रावणात पुठ्ठा दमट असतो, त्यामुळे वरचा थर अलगद सुटतो. पण तीच हवा खळ वाळू देत नाही. म्हणून बुरशी धरू नये यासाठी खळीत मोरचूद घातला आणि एकेक तुकडा चुलीच्या उबेला धरून मगच पुढचा चिकटवला. ओठांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. गाताना त्यांचं तोंड फार उघडत नसावं, असं तो स्वच्छ, सरळ आवाज ऐकून मला नेहमी वाटे. तसेच केले.

चित्र काकूंच्या ओटीवर, टेपरेकॉर्डरच्या वर लावलंय. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"हनुवटी जरा जड झालीय गं."

खरंय. पाऊस सरला की तिथला एक थर सोलणार आहे. काकूंनी त्यासाठी आणखी एक खोकं बाजूला काढून ठेवलंय.