लोण्याचा गोळा आणि नववी ‘ब’

शोकांतिका शिकवताना वर्गात कोणी रडत नाही आणि त्याबद्दल शिक्षकाला कोणी जाब विचारत नाही. विनोदाचे तसे नसते. विनोदी उतारा वाचून संपला आणि साठ चेहरे तसेच कोरे राहिले, की त्या शांततेत उभे राहणे फार अवघड जाते. आम्हां दोघांना हा अनुभव इंग्रजीच्या तासाला आला, आणि तोही उशिरा, मराठी शिकवण्यात पंधराएक वर्षे घालवल्यावर.

आमच्या संस्थेची मराठी माध्यमाची शाळा महाविद्यालयाच्या आवारातच आहे. काही वर्षांपूर्वी तिथल्या इंग्रजीच्या बाई प्रसूतिरजेवर गेल्या. बदली शिक्षक मिळेना, तेव्हा नववी ‘ब’चे सहा आठवड्यांचे तास आम्हां दोघांत वाटून देण्यात आले. (मराठीच्या माणसाला कोणताही विषय शिकवता येतो, ही व्यवस्थापनांची जुनी श्रद्धा आहे.) अवांतर वाचनासाठी आम्ही जेरोम के. जेरोम यांच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ या १८८९ सालच्या पुस्तकातला सामान भरण्याचा प्रसंग निवडला. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या नववीच्या पुस्तकात तो कित्येक वर्षे होता. शिवाय चिं. वि. जोशींच्या चिमणरावावर वाढलेल्या आम्हांला ही मंडळी आपल्या नात्यातलीच वाटत होती.

प्रसंग साधा आहे. तिघे मित्र प्रवासाला निघण्यापूर्वी सामान बांधतात. जॉर्जचा पाय लोण्यावर पडतो. ते खरवडून खुर्चीवर ठेवतात, हॅरिस नेमका त्याच खुर्चीवर बसतो, आणि मग त्याच्या पाठीमागे चिकटलेले लोणी सगळे मिळून खोलीभर शोधत राहतात. आम्ही दोघे स्टाफरूममध्ये हे वाचून पोट धरून हसलो होतो. नववी ‘ब’ने मात्र वह्या उघडल्या आणि ‘हॅम्पर म्हणजे टोपली’ असे लिहून घेतले. लोणी सापडले तेव्हा एका मुलीने अत्यंत गांभीर्याने विचारले, ‘‘सर, हे परीक्षेत येणार का?’’

वर्ग एकदाच हसला. वाडीवरून एसटीने येणारा, कधीही हात वर न करणारा एक मुलगा त्या दिवशी आपणहून वाचायला उभा राहिला. टोपलीच्या तळाशी ‘पाईज’ ठेवून त्यांवर जड वस्तू ठेवल्याने ते चिरडले गेले, असे ते वाक्य. त्याने उच्चार अगदी बरोबर केला. मागच्या बाकावरून कोणीतरी लगेच मराठी केले : ‘‘पाय खाली ठेवले आन् वरून वझं टाकलं!’’ सारा वर्ग कोसळला. कोटी खरोखरच चांगली होती. आम्हीही हसलो. आमच्यापैकी एकजण फळ्याकडे तोंड करून, एवढेच.

वाचणाऱ्या मुलाला मात्र ही कोटी कळलीच नाही. हसू आपल्या उच्चाराला आले, अशी त्याची समजूत झाली. वाक्य अर्धवट टाकून तो खाली बसला. उच्चार बरोबर होता, हे आम्ही त्याला दोनदा सांगितले. त्याने मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? त्या खोलीत आजवर जे जे हसू झाले होते, ते कोणाच्या ना कोणाच्या इंग्रजीलाच झाले होते.

भरताने हास्याच्या विभावांत विकृत वेष आणि विकृत बोलणे यांची गणना केली आहे. स्मितापासून अतिहसितापर्यंतचे त्याचे सहा प्रकार आम्ही एम.ए.ला पाठ केले होते आणि पुढे पाठ करवूनही घेतले. हसणारा कोण आणि ज्याच्यावर हसायचे तो कोण, हा प्रश्न मात्र आम्ही उत्तम, मध्यम, अधम या प्रकृतींच्या तक्त्यात बंद करून ठेवला होता. बर्गसाँने ‘हास्य’ या १९०० सालच्या ग्रंथात म्हटले आहे की, हसण्यासाठी हृदयाला क्षणभर बधिरता यावी लागते. नववी ‘ब’मध्ये बधिरता पुष्कळ होती, पण ती भीतीची होती. जेरोमचा वाचक लोण्याकडे पाहतो, कारण भाषेकडे पाहण्याची त्याला गरज पडत नाही. आमच्या मुलांना प्रत्येक शब्द खड्ड्यासारखा चुकवत जायचे होते. त्यांत त्यांना लोणी कुठून दिसणार?

मग आम्ही जेरोम बाजूला ठेवला आणि शॉचे ‘पिग्मॅलियन’ घेतले. त्यातल्या तिसऱ्या अंकात एलायझाला हिगिन्सच्या आईकडे नेतात. तिचे उच्चार आता निर्दोष झाले आहेत, आणि त्या निर्दोष उच्चारांत ती मावशीच्या संशयास्पद मरणाची व जिनच्या बाटलीची हकीकत सांगते. १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर याच अंकात तिच्या तोंडी आलेल्या एका शिवीने मोठी खळबळ उडाली होती. पुलंनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ करताना या नाटकाला इथले उच्चार, इथली जात-वर्गाची उतरंड दिली. आम्ही आधी मराठीतली मंजुळा सांगितली, मग इंग्रजीतली एलायझा वाचली. वर्ग हसला, आणि या वेळी बैठकीतल्या सभ्य मंडळींना हसला. मागच्या बाकावरचा कोटीबाज तर त्यातल्या बाईसाहेबांची नक्कल करू लागला. आम्हांला धन्यता वाटली. तो मुलगा मात्र खिडकीबाहेर पाहत होता.

शेवटच्या आठवड्यात पाच गुणांची चाचणी घेतली. प्रश्न एकच होता : वाचलेल्यांपैकी तुम्हांला सर्वांत विनोदी काय वाटले व का? बहुतेकांनी लोणी लिहिले, कारण वहीत होते. त्याने इंग्रजीत तीन वाक्ये लिहिली होती, स्पेलिंगच्या एका चुकीसह. त्यांचा अर्थ असा : सगळे हसले. मी हसलो नाही. पाय मला घरी गेल्यावर कळला.

आम्ही चार गुण दिले. पाचवा कापायला हवा होता का, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.