सुताच्या गावातला गणवेश

सोलापूरचे नाव काढले की परगावचा माणूस दोन गोष्टींची चौकशी करतो. एक चादर आणि दुसरी शेंगाचटणी. चटणीचे राहू द्या. चादर मात्र या गावाची रोजी आहे. १८७७ साली इथे जुनी गिरणी सुरू झाली. नंतर आणखी गिरण्या आल्या आणि एकेक करून बंदही पडल्या. हातमाग मागे पडले, यंत्रमाग आले. सोलापुरी चादर आणि टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्रात हा मान सर्वांत आधी ज्या वस्तूंना मिळाला, त्यांत या दोन्ही आहेत.

आमच्या अब्बांची तीस वर्षे टॉवेलच्या मागावर गेली. कापड दोन बोटांत धरले की ते सूत जाड की बारीक, शुद्ध की भेसळीचे, हे डोळे मिटून सांगत. सणाला दुकानात गेलो की दुकानदार त्यांच्यापुढे जपून बोले.

अशा गावात आमच्या उर्दू शाळेतल्या मुली उन्हाळ्यात पॉलिस्टरमिश्रित कापड घालून बसतात. वर पत्रे, वर्गात पन्नासच्या वर मुली. शाळा सकाळची असली तरी दहानंतर पत्रे तापू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४२-४३ च्या आसपास जातो. शिकवताना आम्हाला फळ्याकडे कमी आणि मुलींच्या पाठीकडे जास्त पाहावे लागते. पाठीला चिकटलेली कमीज त्या सारख्या ओढून मोकळी करत असतात. मानेवर घामोळे, ओढणीखाली ओले केस. लक्ष कुठून लागणार? यंदा एका मुलीला प्रार्थनेच्या वेळी भोवळ आली. ती उपाशीही होती, म्हणून सगळा दोष कापडावर टाकत नाही.

कापडाचा धडा आला की आम्ही वर्गात चिंध्या आणतो. पाण्याची बादली शेजारी ठेवून, चिमट्यात धागा धरून आम्ही स्वतः पेटवतो. मुलींनी लांबूनच बघायचे. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिस्टरचा धागा आधी आक्रसतो, मग वितळून त्याची काळी टणक गोळी होते. मुली हसतात. मग आम्ही विचारतो, स्टोव्हपुढे बसलेल्या बाईच्या अंगावर हे कापड वितळले तर? तेव्हा वर्ग गप्प होतो. घराघरांत स्वयंपाक मुलीच करतात.

दुसरी गोष्ट घामाची. हवेत बेताचा दमटपणा असला तर १०० ग्रॅम कोरडे सूत सुमारे साडेआठ ग्रॅम ओल पिते; पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही पीत नाही. सूत घाम शोषते, तो वाऱ्यावर उडतो आणि अंग निवते. पॉलिस्टरमध्ये घाम अंगावरच राहतो. शिवाय पॉलिस्टर खनिज तेलापासून बनते. दर धुण्याला त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात आणि ते कुजत नाहीत. सुताची चिंधी मातीत पुरा, काही महिन्यांत ती मातीच होते.

हे सगळे आम्ही पालक सभेत सांगितले. आया ऐकून घेत होत्या. शेवटी बिड्या वळणाऱ्या एका बाईने विचारले, “टीचर, रातकू धोए तो सुबा तक सूखना ना?”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. सुती कमीज सावकाश वाळते, चुरगळते, तिला इस्त्री लागते. इस्त्रीला वीज लागते आणि वेळही. धुण्या-खंगाळण्याला पाणी जास्त. या गावात वर्षानुवर्षे नळ चार-पाच दिवसांआड येत आला आहे. टेरिकॉटचा गणवेश दोन वर्षे चालतो, मग धाकटीच्या अंगावर जातो. सुताचा रंग वर्षभरात फिका पडतो. कापडाच्या आरामाची गोष्ट आम्ही मुलीच्या पाठीवरून करत होतो. ती बाई आपल्या हातांवरून करत होती. नवरा किंवा मुलगा बादलीला हात लावील, असे त्या सभेत कोणालाच वाटत नव्हते. याचा राग आम्हाला सुताइतकाच आहे, पण तो विषय एका सभेत संपणारा नाही.

आणि सूत तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहे? जगाची सरासरी धरली तर एक किलो सुती कापडामागे, कापसाच्या शेतापासून मोजल्यास, सुमारे १०,००० लिटर पाणी खर्ची पडते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. स्वस्त रंगांचेही तसेच. काही अ‍ॅझो रंग घातक ठरल्याने आपल्या सरकारने १९९७ मध्ये त्यांच्यावर बंदी आणली. घरातले उदाहरण द्यायचे तर अब्बांचा खोकला. सुताचा तूस त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर बसलेला असे. तोच छातीतही जात होता. ज्या टॉवेलने लोक तोंड पुसतात, तो विणणाऱ्याला रात्री झोप नसायची. तेव्हा ‘नैसर्गिक’ एवढा शब्द ऐकून आम्ही भुलत नाही. तरीही अंगाला लागणारे कापड निवडायचे झाले तर आमचे मत सुतालाच आहे.

आपल्या लोकांना तर हे नवीन वाटू नये. पुरुषांना अस्सल रेशीम मना, म्हणून विणकरांनी मशरू काढले. वरून रेशमाची चमक, आतून अंगाला सूत. नावाचा अर्थच शरियतने जायज ठरवलेले. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे हिमरूही सूत आणि रेशीम मिळूनच विणतात. आमचे मामू हजला गेले तेव्हा इहरामच्या दोन्ही चादरी टॉवेलच्या सुती कापडाच्या होत्या. अब्बांनी त्या आधी बोटांत धरून पाहिल्या, मगच पिशवीत ठेवू दिल्या. कफनाला आपल्याकडे पांढरा लठ्ठा घेतात, तोही सुतीच. बुरख्याला मात्र निदा हवा. दिसायला मऊ, झुळझुळीत, पण तोही पॉलिस्टर, त्यात रंग काळा आणि गाव सोलापूर. आमच्या एक ज्येष्ठ सहशिक्षिका म्हणतात, “सुती कपडा पहनने के लिए मरने की राह कायकू देखना?” त्या स्वतः पातळ सुती कापडाचा बुरखा शिवून घेतात. शिंपी दरवेळी नाक मुरडतो. पडद्याला कसलीही बाधा येत नाही.

आता गणवेशाचे. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांसाठी शासन एका गणवेशामागे ३०० रुपये धरते, वर्षाला दोन गणवेश. २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्याने एकत्र केली आणि शिलाई बचत गटांकडे दिली. डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय फिरवून गणवेशाचे काम पुन्हा शालेय व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. म्हणजे कापड कुठले घ्यायचे, हे बोलायला आपल्याला पुन्हा जागा मिळाली. पण ३०० रुपयांत कमीज, सलवार, ओढणी आणि शिलाई. त्यात चांगले सुती कापड बसवायला कोणता शिंपी तयार होईल?

सभेत दीड तास खल झाला. एक जण म्हणाले, जे मिळते ते घ्या. दुसऱ्यांना कमीज तरी सुती हवी होती, पण हिशोब जमेना. अखेर आम्ही सुचवले की सुरुवात ओढणीपासून करावी. डोके आणि मान सगळ्यांत जास्त तापतात आणि आमच्या मुलींची ओढणी शाळेत दिवसभर डोक्यावरच असते. कापड थोडे लागते, शिलाई म्हणजे नुसती कड दुमडायची. मलमल पातळ असते, म्हणून रात्रीतून वाळते. इस्त्री नसली तरी चालते. पिळून, झटकून दोरीवर टाकली की पुरे. बिड्या वळणाऱ्या त्या बाईने मलमलचा नमुना हातात घेतला, गालाला लावला, उजेडात धरला. केस दिसतील इतकी विरळ आहे, दुहेरी करावी लागेल, असे तिने सांगितले. ते आमच्या ध्यानात आले नव्हते. दुहेरी केली की कापड दुप्पट आणि वाळायला वेळही जास्त. मग थोड्या दाट विणीचे सुती कापड बघायचे ठरले.

तीन दुकाने झाली. एके ठिकाणी सुती म्हणून दाखवलेला धागा आम्ही बाहेर येऊन काडीने पेटवला, तर त्याची गोळी झाली. दुसरीकडे पसंत पडेल असे कापड मिळाले आहे, भावही समितीला परवडेल असा. फक्त त्याच्या निळ्या रंगाची खात्री नाही. त्याचा वीतभर तुकडा काल रात्रीपासून आमच्या घरी पांढऱ्या वाडग्यात मिठाच्या पाण्यात भिजत पडला आहे.