एर्तुग्रुल आणि ‘चांगला’ टेम्पलर

2020चा रमजान आठवतो? मशिदी बंद, तरावीह घरात. त्याच महिन्यात पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीने ‘दिरिलिश : एर्तुग्रुल’ ही तुर्की मालिका उर्दूत दाखवायला सुरुवात केली आणि यूट्यूबवरून ती आपल्याकडच्या मोबाईलमध्येही पोहोचली. इफ्तारनंतर घराघरांत कायी कबिल्याच्या तलवारी खणखणू लागल्या. पाहणाऱ्यांत मीही होतो. पाच सीझन, मूळ तुर्कीत 150 भाग. सगळे पाहिले.

आवडण्याचं कारण साधं होतं. अल्लाहचं नाव घेऊन कामाला लागणारा, आईचा मान राखणारा, दिलेला शब्द पाळणारा मुसलमान नायक. आपल्याकडच्या पडद्यावर मध्ययुगातला मुसलमान येतो तो बहुतेक वेळा डोळ्यांत काजळ घालून, मांस ओरबाडत, परक्या बाईवर नजर ठेवून. आजूबाजूला शिट्ट्या वाजत असताना मी थिएटरात अंग चोरून बसलेलो आहे. म्हणूनच हलीमा, हायमे आना, बामसी, तुरगुत ही माणसं घरची वाटली.

यात इतिहास किती? फार थोडा. खऱ्या एर्तुग्रुलबद्दल समकालीन पुरावा जवळपास नाही. मुलगा उस्मानच्या नाण्यावर बापाचं नाव सापडतं. बाकीची बरीचशी हकिगत 15व्या शतकातल्या उस्मानी बखरकारांची आहे. इब्न अरबी हे थोर सूफी खरेच होऊन गेले, 1240 साली दमास्कसला वारले. पण ते एर्तुग्रुलला भेटल्याचा पुरावा नाही. असो. मालिकेने कल्पना लढवली, तर मला त्याचं वावडं नाही.

मला अस्वस्थ केलं ते टेम्पलरांनी. पहिल्या सीझनमधले हे ख्रिस्ती योद्धे सतत अंधाऱ्या किल्ल्यात कट शिजवतात, विष देतात, छळ करतात. त्यांच्यातला एक भला निघतो, क्लॉडियस. पण मालिकेत तो भला राहायचा तर त्याला कलमा पढून उमर व्हावं लागतं. हा साचा मला ओळखीचा आहे. आपल्या चित्रपटांतही एक चांगला मुसलमान असतोच. नायकासाठी जीव दिला, की त्याचा चांगुलपणा सिद्ध होतो. तिथे मला जे टोचतं, ते हीच मालिका पाहणाऱ्या एखाद्या ख्रिस्ती माणसाला टोचत नसेल का? इन्साफ आपल्यापुरता मागितला तर तो इन्साफ कसला?

मालिकेची खरी ताकद मला सादेत्तिन कोपेकमध्ये दिसली. हा सेल्जुक दरबारातला वजीर, मुसलमान, इतिहासातलाही खरा माणूस, आणि एर्तुग्रुलचा सगळ्यात घातक वैरी. कबिल्यातही कुर्दोग्लूसारखा दगाबाज आहेच. आपल्यातला वाईट माणूस दाखवायला ही मालिका कचरत नाही. समोरच्यांतला चांगला माणूस, त्याचा धर्म न बदलता, दाखवायचं धाडस मात्र तिला फारसं होत नाही.

मोहल्ल्यातली पोरं अजूनही कायीच्या झेंड्याचा डीपी ठेवतात. ठेवू देत. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, एक भाग टेम्पलरच्या बाजूला बसूनही पाहा. मग पुढच्या वेळी आपल्यावरचा सिनेमा आला, की काय खटकलं ते शेजारच्या मित्राला रागावर न जाता समजावून सांगता येईल. आणि तोही कदाचित ऐकेल.