चहा घेतला होता, हे मी सांगितलं नाही

माझ्या छातीत कधी दुखलं नाही. जिना चढताना दम लागायचा, इतकंच. पण मधुमेह जुना, आणि मधुमेहात हृदयाचा त्रास नेहमीसारखा दुखून कळेलच असं नसतं, म्हणून डॉक्टरांनी हृदयाच्या रक्तपुरवठ्याची स्ट्रेस थॅलियम तपासणी करायला सांगितली. गुडघ्यांमुळे ट्रेडमिल जमणार नव्हती. तिच्याऐवजी अ‍ॅडिनोसिनचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. सूचनांच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: आधीचे 24 तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद.

ही मनाई पोट रिकामं राहावं म्हणून असेल, असं मी परस्पर ठरवलं आणि सकाळी गोळीबरोबर अर्धा कप कोरा चहा घेतला. तपासणीच्या खोलीत विचारलं, "काकू, चहा-कॉफी घेतली नाही ना?" मी "नाही" म्हटलं. मुलाने रजा काढली होती. माझ्या नावाचा किरणोत्सर्गी औषधाचा डोस तयार होता. तपासणीचं नाव थॅलियमचं असलं तरी आता बहुतेक ठिकाणी टेक्निशियम वापरतात; त्याचा किरणोत्सर्ग 6 तासांत निम्मा होतो, त्यामुळे डोस उद्यासाठी ठेवता येत नाही. सगळं वाया जाईल या संकोचाने मी खोटं बोलले.

रिपोर्ट नॉर्मल आला. मग मी त्याहून मोठी चूक केली. धमन्या स्वच्छ असल्याचा दाखलाच मिळाला असं समजून कोलेस्टेरॉलची गोळी मनानेच सोडली आणि वाढत चाललेला दम वयावर ढकलला.

शेवटी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, समजावत राहिले. अ‍ॅडिनोसिनने निरोगी धमन्या रुंदावतात, अरुंद झालेल्या तेवढ्या रुंदावू शकत नाहीत; रक्तपुरवठ्यातला हा फरक गॅमा कॅमेरा टिपतो. चहातलं कॅफिन अ‍ॅडिनोसिनलाच अडवतं. मग हा फरक दिसत नाही आणि आजार झाकला जातो. शिवाय धमन्यांत साचलेले, रक्तप्रवाह न अडवणारे छोटे थर या तपासणीत दिसतच नाहीत, त्यामुळे नॉर्मल रिपोर्टनंतरही गोळी चालू ठेवायची असते.

पथ्य पाळून तपासणी पुन्हा केली. या वेळी हृदयाच्या पुढच्या भिंतीला ताणाखाली रक्त कमी पडताना दिसलं, विश्रांतीच्या चित्रात ते पुरेसं होतं. अँजिओग्राफीत अरुंद धमनी सापडली आणि स्टेंट बसवला. पहिला रिपोर्ट चहामुळेच चुकला, की आजार नंतर वाढला, हे आता कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. ही अनिश्चितता माझ्या एका "नाही"मुळे आली.

म्हणून कळकळीने सांगते: चहा घेतला असेल, दमा असेल, त्यावरची औषधं चालू असतील, तर इंजेक्शनआधी सांगा. तारीख पुढे ढकलता येते. आणि रिपोर्ट नॉर्मल येऊनही त्रास थांबला नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. त्यांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका.