खिडकीतला किल्ला

१६ ऑक्टोबर, गुरुवार
सुट्टी लागली. माझ्या शाळेला आणि दादूच्या बालवाडीलाही. हिला वॉर्डातून पाडव्याचा एकच दिवस मिळालाय. म्हणजे दिवसभर आई, मी आणि ही दोन पिल्लं.
दादूचा उठल्या उठल्या प्रश्न: किल्ला कधी?
धाकटी मनी अंगणात पाठमोरी बसून चपलांची रांग लावत होती. हाक मारली. परत मारली. वळली नाही. खेळात गुंग असेल.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
पलीकडच्या बांधकामावरून विटांचे तुकडे आणले, मुकादमाला विचारून. माती ओढ्याकडची. गोणपाट आईने गेल्या दिवाळीचं धुऊन माळ्यावर ठेवलं होतं.
कोणता किल्ला करायचा? मोबाईलवर फोटो दाखवले. जुलैत युनेस्कोच्या यादीत गेलेले बाराही. रायगड, राजगड, प्रतापगड, थेट तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत. दादूने एकही घेतला नाही. खिडकीकडे बोट केलं. "हा." अजिंक्यतारा. रोज दात घासताना दिसतो तो.
"आपला आहे का यादीत?"
"नाही."
"मग आपण करू."
चिखल कालवायला मनी सगळ्यांच्या पुढे. आधी एक बोट, मग पंजा, मग कोपरापर्यंत दोन्ही हात. शेवटी बसलीच त्यात. तोंडाने अखंड चालू: आ, ऊ, ए. शब्द म्हणावा असा एकच, "मा". आजीला मा, पाण्याला मा, मलाही मा. दोन वर्षं पूर्ण झाली. दादू या वयात "बाबा पाणी दे" म्हणायचा.
बहिणीचा फोन. काही मुलं उशिराच बोलतात, म्हणाली. सगळेच म्हणतात. ऐकून धीर येत नाही.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
सकाळभर किल्ला. विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून लिंपण. नुसती माती विटेवरून घसरते, गोणपाट तिला धरून ठेवतं. दादूने हे एकदा ऐकलं आणि मग शेजारच्या पोरांना शिकवत बसला. पायऱ्या चमच्याने कोरल्या. मंगळाईचं देऊळ काडेपेटीचं. माथ्यावर उदबत्तीच्या काड्या एकत्र बांधून टॉवर. मी म्हटलं, महाराजांच्या वेळी टीव्हीचा टॉवर नव्हता रे. "पण आहे ना!" खिडकीतून बघितलं. आहे. राहू दिला. रात्रीच्या दिव्यासाठी आजीकडून लाल टिकली मागून आणली.
लिंपता लिंपता गोष्ट. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. मूठभर माणसं, तरी एप्रिलपर्यंत गड लढवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले, त्यातला एक त्यांच्याच सैन्यावर उलटला. हे सांगायला नको होतं. आता दादूला किल्ल्यात खरा सुरुंग हवाय. वातीसकट.
ओल्या मातीवर आईने अळीव टाकले.

संध्याकाळी. मनी चित्रांचं पुस्तक घेऊन बसली होती. आई पंचवीसेक वर्षं अंगणवाडीत सेविका होती. मुलांकडे नुसतं बघत बसायची तिची सवय जुनी. ती मनीच्या मागे जाऊन बसली. स्टीलच्या वाटीत चमचा हळू वाजवला. मनीने पान उलटलं. जोरात वाजवला. मान वळली. पुन्हा हळू. काही नाही.
आईने वाटी आत नेऊन ठेवली. दोघं झोपल्यावर म्हणाली, "हिचे कान दाखवून घे रे."

१९ ऑक्टोबर, रविवार
ही रात्रपाळी करून आली. चहा होईपर्यंत थांबलो, मग सांगितलं. ती उठून कपाटातली फाईल घेऊन आली. जन्मल्यावर केलेली कानांची तपासणी. दोन्ही बाजूंना "पास".
"पास आहे की."
मग स्वतःच म्हणाली, "तेव्हाचं आहे ते." कागद बराच वेळ हातात होता.
दवाखाना भाऊबीजेपर्यंत बंद. सोमवारची, २७ ची वेळ मिळाली.
दुपारी शंकरपाळे. दादूला कातण दिलं. त्याचे शंकरपाळे त्रिकोणी, पंचकोनी, कसेही. आईने सगळे तळले. वेगळ्या डब्यात ठेवले, त्यावर त्याचं नाव.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी
पहाटे पाचला गल्लीत लवंगी माळ लागली. दादू ताडकन उठून बसला. मनी गाढ झोपेत. मी तिच्या पापण्यांकडे बघत राहिलो. हललं नाही काही.
थोड्या वेळाने कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. दचकली, रडली. ती रडली म्हणून मला इतकं बरं वाटलं की उचलून घ्यायला उशीर झाला.
उटणं, अभ्यंग. दादूने दारात टाचेने कारीट फोडलं आणि जिभेला लावलं. कडू. तोंड वाकडं करून मनीलाही दिलं. तिला ते आवडलं असावं, परत मागत होती.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
मिक्सर लावला की येते. कुकरची शिट्टी कळते. समोर बसून "मनी" म्हटलं की हसते. दारामागून म्हटलं की नाही. खिडकीतून नाही. पाठीमागून नाही.
दिवसभर हेच करत होतो. आई शेवटी रागावली. "पुरे आता. खेळू दे तिला."

२२ ऑक्टोबर, पाडवा
ही घरी. सगळ्यांचे आवाज बदललेत.
अळीव उगवलेत. डोंगर हिरवागार. दादूने उठल्यावर चूळसुद्धा भरली नाही, गडावरच.
साडेअकराला किंकाळी. मनी किल्ल्याच्या मधोमध उभी. एक पाय मंगळाईवर, हातात टॉवर, मावळे खाली. चेहऱ्यावर निव्वळ आनंद. दादू रडत ओरडत होता, "मनीने सुरुंग लावला!" त्याने तिला ढकललं. ती पडली. तीही रडायला लागली.
मी दोघांच्या मध्ये. दादूला म्हटलं, ती लहान आहे. तो म्हणाला, "ती ऐकतच नाही. मी किती वेळा नको म्हटलं." ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत गेली.
आईने कोणालाच समजावलं नाही. उरलेली माती पाटीत घेतली, किल्ल्यापासून दोन हातांवर ओतली, पाणी घातलं आणि मनीला तिथे बसवलं. "ही तुझी टेकडी. पाड." मग दादूला घेऊन बुरूज लिंपायला बसली. अंगणवाडीत म्हणे रोजचं होतं हे. मोडणाऱ्यालाही जागा द्यावी लागते, नाहीतर दिवसभर हात धरत बसावं लागतं.
मनीने टेकडी पाडली. रचली. पाडली. जेवायला हाक मारायला कोणी तिच्या समोर जाऊन बसेपर्यंत तेच.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
मनीने ओवाळलं. हात हिचे, ताम्हन हिचं, पण तोरा मनीचा. दादूने ओवाळणीत आपला सगळ्यात मोठा मावळा घातला. कालचा राग गेलेला.
दुपारनंतर पाऊस. ताडपत्री शोधताना मीच भिजलो. किल्ला वाचला. टेकडी वाहून गेली. मनीला त्याचं काही नाही.

२४ ऑक्टोबर
मनीचं नाक पुन्हा गळतंय.

२५ ऑक्टोबर, शनिवार
पाऊस. घरात कोंडलेली दोन मुलं आणि चार वाजायचे आहेत.
मोबाईल हवाय म्हणून दादूचा हट्ट. दिला नाही. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचं सांगणं साधं आहे: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, पुढे पाचव्या वर्षापर्यंत फार तर तासभर, तोही मोठ्यांच्या सोबतीने. मी एवढंच धरून बसलोय असं नाही. मनीला चेहरे हवेत. पडद्यातला माणूस तिच्याकडे बघून थांबत नाही.
मोठ्या परातीत पाणी, वाट्या, गाळणी. एक तास गेला. मग डब्यांची झाकणं लहानमोठी लावणं. दादूला चिंचोके मोजायला. मनीला चिंचोके नाहीत, नाकात घालेल. तिला मोठी बुचं.
आई जुन्या प्रशिक्षणाबद्दल बोलत होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या मुलांच्या अंगणात. शंख, शिंपले, बिया, पानं, तीच साधनं. "विकतचं काही लागत नाही," आई म्हणाली. "तुम्ही लागता." आज दिवसभर होतो. कंबर मोडली.

२६ ऑक्टोबर
झोप नाही. हिलाही नाही. दोघंही झोपल्यासारखे पडून होतो.

२७ ऑक्टोबर, सोमवार
मनी हिच्या मांडीवर. कानात मऊ बोंड, तिथून यंत्राला वायर. काही सेकंदांचं काम. कागदावर डोंगरासारखी रेघ यायला हवी होती. सपाट आली. दुसऱ्या कानाचीही सपाट.
डॉक्टरांनी कागद आमच्याकडे वळवला. पडद्यामागे पाणी साचलंय, दोन्हीकडे. कानातून घशाकडे उतरणारी नळी या वयात आखूड आणि आडवी, सर्दीत लगेच तुंबते. पडदा हलत नाही. मोठे आवाज पोचतात, हलके अडतात. बोटं कानात घालून जग ऐकावं तसं.
ही नर्स आहे. सगळं तिला माहीत आहे. तरी तिने पहिल्यांदा ऐकल्यासारखे प्रश्न विचारले.
बहुतेक मुलांचं तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. तोवर लक्ष ठेवायचं. नाही ओसरलं तर पडद्यात बारीकशी नळी बसवतात, छोटी शस्त्रक्रिया. आतल्या नसेचं? ते पाणी गेल्यावर पुन्हा तपासून. जानेवारी.
बाहेर आल्यावर ही रडली. मी मनीला समोर धरून उभा होतो. ती माझ्या खिशातलं पेन काढत होती.

२८ ऑक्टोबर
अंगणात बसलो आणि दोन्ही कानांत बोटं घातली. दादू किल्ल्यावर काहीतरी सांगत होता. त्याच्या बोलण्याची चाल ऐकू आली. स, फ, त गेले. आ, ऊ, ए तेवढे राहिले.
बराच वेळ तसाच बसलो.

२९ ऑक्टोबर, बुधवार
घरात ठरलं ते असं. खोलीच्या पलीकडून हाक नाही. जवळ जायचं, खाली बसायचं, तोंड दिसलं पाहिजे. जेवताना टीव्ही बंद. हातातली वस्तू दाखवून मग तिचं नाव. आईने हे सगळं आधीच सुरू केलंय, कधीपासून ते विचारलं नाही.
दादूला सांगितलं, मनीच्या कानात पाणी आहे, म्हणून तुझं "नको" तिला पोचलं नव्हतं. त्याने विचार केला. "मग ती मुद्दाम नाही करत?"
"नाही."
तो गेला आणि तिची हनुवटी दोन्ही हातांनी धरून तोंडासमोर तोंड नेऊन ओरडला, "मनी! हा टॉवर!" तिने त्याच्या ओठांना बोट लावलं. त्याने परत सांगितलं. ओरडू नको, नुसतं समोर बस, हे त्याला उद्या सांगेन.

३० ऑक्टोबर
तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवायचा. अळीव वाळायला लागलेत, दादू पाणी घालतोय.
ओढ्यावरून मनीसाठी पाटीभर नवी माती.
बालवाडीच्या ताईंना विचारायचं आहे, डिसेंबरपासून मनीला रोज तासभर आणून बसवू का. पुढे, त्यांच्या अगदी समोर. तपासणीच्या कागदाची झेरॉक्सही नेली पाहिजे.